पुळणीवरची वाळूची टेकडी राखायची आहे? कामाला लागण्याआधी हे वाचा

पाऊस तोंडावर आला की आमच्याकडे फोन सुरू होतात. कुणी शाळेची मुलं घेऊन येणार असतं, कुणा कंपनीची बस असते, सोबत नर्सरीतली रोपं असतात आणि प्रश्न ठरलेला: पुळणीवर ही कुठे लावायची? उत्तर ऐकून बहुतेकांचा हिरमोड होतो, कारण पहिल्या वर्षी लावण्यासारखं फारसं काही नसतंच. वाळूची टेकडी वारा बांधतो आणि वेल धरून ठेवते. या दोघांच्या मधे येणारे पाय, चाकं, गुरं आणि फावडी दूर ठेवणं, एवढंच खरं तर आपल्या हातात असतं. तेवढं जमलं तरी पुष्कळ आहे.

आम्ही काही जण सिंधुदुर्गात, वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात हे काम करतो. खाली लिहिलेलं रायगडपासून काणकोणपर्यंत थोड्याफार फरकाने लागू पडेल. कागदपत्रांची नावं मात्र गोव्यात वेगळी आहेत, ती त्या त्या ठिकाणी दिली आहेत.

१. आधी टेकडी ओळखा

टेकडी म्हटल्यावर लोक डोंगराएवढं काहीतरी शोधतात. आपल्या किनाऱ्यावर ती बऱ्याचदा कमरेएवढीच असते, कधी गुडघ्याएवढी. भरतीने आणलेला पालापाचोळा सुकून जिथे ओळ धरतो, त्याच्या थोडं वर, एखाद्या वेलीच्या जाळ्याभोवती वाळूचे छोटे उंचवटे दिसतात. ती उद्याची टेकडी. सगळ्यात जास्त तुडवली जाते ती हीच, कारण ती कुणाला दिसतच नाही.

वर्षभराचं चक्र डोक्यात पक्कं बसवा. जून ते सप्टेंबर लाटा पुळण खातात आणि वाळू जवळच्याच उथळ पाण्यात जाऊन साचते. पावसाळा सरला की शांत लाटा ती परत आणून टाकतात. मग कोरडी झालेली वाळू दुपारचा खारा वारा आत ढकलत नेतो, हे थेट मेपर्यंत चालतं. म्हणजे टेकडी वाढते ती कोरड्या दिवसांत. पावसाळ्यात समोरचा थोडा भाग कापला जाणं हा तिचा स्वभाव आहे. जुलैत ताठ कापलेला काठ बघून 'किनारा गेला' म्हणून धावाधाव करू नका. दिवाळीनंतर पुन्हा जा आणि मग ठरवा.

वाळूचा हा साठा शाबूत असला तर उधाणाला खायला काहीतरी असतं. नसला तर लाट थेट माडाच्या मुळाशी येते. टेकडीत मुरलेलं पावसाचं पाणी खाली गोड्या पाण्याचा थर धरून असतं आणि समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या विहिरींना गोडं पाणी लागतं ते त्यामुळे. गावकऱ्यांशी बोलताना कासवांपेक्षा विहिरीचा विषय आधी काढा. लोक खुर्ची पुढे सरकवून ऐकतात.

२. जागा कोणाची, ते शोधा

इथे उत्साही मंडळी हमखास अडकतात. पुळण सगळ्यांची असते, टेकडी तशी नसते. तिचा एखादा तुकडा मुंबईला राहणाऱ्या कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असतो, एखादा सरकारी असतो, सुरूचं बन असेल तर बहुधा वन विभागाचं असतं आणि भरतीरेषेच्या लगत सागरी मंडळाचाही संबंध येतो.

जमवायचे कागद:

- सातबारा उतारा आणि गटाचा नकाशा. गोव्यात एक-चौदाचा उतारा आणि सर्व्हे नकाशा.
- किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्यातला तुमच्या गावाचा नकाशा. तो राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे मिळतो. त्यावर टेकडी दाखवली आहे का, हे आधी पाहा. दाखवली नसेल तर फोटो आणि जागेचे अक्षांश-रेखांश जोडून लेखी कळवून ठेवा.
- खासगी जागा असेल तर मालकाचं साधं संमतीपत्र. सातबाऱ्यावर नावं अनेक असतील तर निदान जे गावात राहतात त्यांच्या सह्या.
- ग्रामसभेचा ठराव. सभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होतात. विषय आधी अर्ज देऊन विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. ऐनवेळच्या विषयात घुसवलात तर तिथेच मोडता घातला जातो.
- वन विभागाच्या परिक्षेत्र कार्यालयाला पत्र, विशेषतः कासवं येत असतील तर.

२०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या सर्वांत कडक गटात, म्हणजे सीआरझेड-१ए मध्ये येतात. टेकडी सपाट करायला, तिचा आकार बदलायला बंदी आहे. ही बंदी तुम्हालाही लागू आहे, हे विसरू नका. 'आम्ही तर चांगल्यासाठी करतोय' हे उत्तर चालत नाही. झावळ्यांची तात्पुरती वई, म्हणजे कुंपण, घालायची असली तरी प्राधिकरणाला किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा समितीला आधी लेखी विचारा आणि उत्तर फाइलला लावा.

गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. बऱ्याच ठिकाणी ती कागदावरच असते, पण असते. काम तिच्या नावाने सुरू केलंत तर ते 'बाहेरच्या लोकांचं' राहत नाही. लोक जैवविविधता नोंदवहीत टेकडी आणि तिथल्या वनस्पती नोंदवून घ्या. पुढे वाद झाला तर ही नोंद उपयोगी पडते.

३. रापणवाल्यांशी बोला, फलक नंतर लावा

टेकडीच्या समोरची पुळण ही कुणाची तरी कामाची जागा असते. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला मोकळा पट्टा लागतो, होडी वर घ्यायला वाट लागते, जाळी सुकवायला जागा लागते. आमच्याकडे पहिल्याच बैठकीत एका तात्यांनी विचारलं होतं, "तुमी वय घातलास तर आमी होडी खयसून ओढूची?" (तुम्ही वई घातलीत तर आम्ही होडी कुठून ओढायची?) त्याचं उत्तर नकाशावर नाही, पुळणीवर त्यांच्यासोबत चालून मिळतं. होडीची वाट कुठली, रापण कुठे लागते, पावसाळ्यात होड्या कुठे शाकारून ठेवतात, हे त्यांना काठीने वाळूत आखायला सांगा. उरलेल्या जागेत आपलं काम. पट्टा तुटक झाला तरी चालेल.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावाचं उदाहरण इथे आठवतं. २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तिथे कासवांचं काम सुरू केलं आणि ते टिकलं, कारण घरटी राखणारी, पाहुण्यांना जेवू घालणारी माणसं गावातलीच होती.

४. सामान

बांबू किंवा सुरूच्या वाळक्या काठ्या, माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप, बांधायला सुंभ, कोयता, खुरपं, गोणपाट, घमेली, जाड हातमोजे, गमबूट, मोजायच्या दोन काठ्या. फावडं आणि टिकाव घरी ठेवा, हातात आलं की माणूस खणतोच. नायलॉनची दोरी, हिरवी शेडनेट, लोखंडी तार यांतलं काहीही नको. पहिल्या वादळात ते समुद्रात जातं.

गमबूट ऐच्छिक समजू नका. आपल्या पट्ट्यात फुरसं हा विषारी साप सर्रास आहे आणि वाळक्या पाल्यात ते दिसत नाही. सर्पदंशावरचं प्रतिविष कुठल्या आरोग्य केंद्रात आहे, गाडी कुणाची निघेल, हे सकाळी काम सुरू करण्याआधी ठरलेलं असावं. मार्चनंतर दहा वाजता काम थांबवा.

५. वाट ठरवा

बाकी काही जमलं नाही तरी हे करा. टेकडीचं सगळ्यात मोठं नुकसान पायवाटांनी होतं. लोक जवळची वाट धरतात, वेल तुटते, सैल झालेली वाळू वारा उचलतो, वाटेची घळ होते आणि एक-दोन वर्षांत टेकडीला खिंड पडते. पावसाळ्यात लाट आत शिरते ती नेमकी तिथूनच.

दहा वाटा असतील तर एक किंवा दोन ठेवा, बाकीच्या तोंडाशी काटेरी फांद्या आडव्या टाकून बंद करा. करवंदीच्या जाळीचा काटा सगळ्यात बरा. ठेवलेली वाट समुद्राकडे नाकासमोर जाऊ देऊ नका, वाऱ्याच्या दिशेला तिरकी काढा, मधे एक वळण द्या. वाळूवर बांबूच्या पट्ट्या सुंभाने विणून अंथरल्या की लोक आपणहून त्यावरून चालतात, कारण भर दुपारी वाळू पाय भाजते. फलकापेक्षा ही पट्टी जास्त काम करते.

गाड्यांसाठी फांद्या पुरत नाहीत. जिथून जीप, क्वाडबाईक उतरतात तिथे ग्रामपंचायतीकडून जाड लाकडी खुंट पुरून घ्या, होडीच्या वाटेएवढं अंतर सोडून. गोव्यात पुळणीवर गाडी घालायला कायद्याने मनाई आहे, तिथे थेट पोलिसांना कळवता येतं. मोकाट गुरांचा प्रश्न मात्र ग्रामसभेतच सुटतो, तो सोडवायला वेळ लागतो आणि त्यात भांडणंही होतात.

६. वई घाला, पण विरळ

जिथे खिंड पडली आहे किंवा टेकडी बसली आहे, तिथे वारा अडवून वाळू खाली पाडायला वई लागते. दिवाळीनंतर घाला, मेपर्यंत ठेवा.

साधारण कंबरेएवढी उंची, बांबू दीड-दोन मीटरवर एक, आणि झाप असे बांधा की निम्मा वारा आरपार जाईल. आपल्याकडच्या माणसाला विरळ वई घालणं जिवावर येतं. परसातली वई घालायची सवय असते, कोंबडीही जाता नये अशी. इथे ती सवय नडते. घट्ट झाप बांधलेत की वारा वरून उसळतो, खाली भोवरा धरतो आणि वईच्या बुडाशी खड्डा पडतो. झापाची एक पाती ठेवायची, एक कापायची. लांबून बघताना पलीकडचा समुद्र पट्ट्यापट्ट्यांनी दिसला पाहिजे.

वई उधाणाच्या भरतीच्या खुणेच्या बरीच वर, पहिल्या वेलीच्या मागे असावी. खाली घातलेली वई पुढची पौर्णिमा बघत नाही. चांगल्या जागी घातलेली असेल तर काही आठवड्यांत मागच्या बाजूला वाळूची शेपटी दिसू लागते.

मेच्या अखेरीस उघडी राहिलेली वई काढून घ्या. वाळूत बुडालेली राहू द्या, ती कुजते.

७. कासवांचे महिने

नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले माद्या अंडी घालायला वर येतात. घरट्यातून पिल्लं निघायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, त्यामुळे मेपर्यंत पुळण मोकळी नसते. या काळात सलग वई चालत नाही, ठरावीक अंतरावर मोठी फट हवी. रात्री काम नाही, बॅटऱ्या नाहीत. घरटं दिसलं तर हात लावू नका, वन विभागाला कळवा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे, परवानगीशिवाय अंडी हलवणं हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

८. सफाई करताना काय उचलायचं नाही

प्लास्टिक, काच, थर्माकोल, तुटकी जाळी उचला. समुद्राने टाकलेलं शेवाळ, काटक्या, सुकलेली पानं राहू द्या. नवी टेकडी सुरू होते ती याच ओळीत वाळू अडकून. 'स्वच्छ सुंदर किनारा' म्हणून ट्रॅक्टरने विंचरलेली पुळण फोटोत छान दिसते आणि तिथे टेकडी कधी धरत नाही. गोणी भरताना पिशव्यांतली वाळू तिथेच झटका, नाहीतर गावची वाळू कचऱ्याच्या गाडीतून जाते.

९. लागवड, आता

पहिल्या वर्षी वाटा बंद केल्यात तर बऱ्याच ठिकाणी लागवडीची गरजच पडत नाही, वेल आपणहून पसरते. तरी टक्कल राहिलं तर जूनच्या मध्यावर, वाळू आतपर्यंत भिजल्यावर सुरू करा.

पहिला मान मर्यादवेलीचा. आपट्यासारखं दोन पाकळ्यांचं पान, जांभळट-गुलाबी फूल. तिचं रोप करायची गरज नाही. शेजारच्याच दाट जाळ्यातून करंगळीएवढ्या जाडीची वेल निवडा, शेंड्याकडची कोवळी नको. मीटरभर लांबीचा, पाच-सहा पेरांचा तुकडा धारदार कोयत्याने कापा, ओढून तोडू नका. पांढरा चीक येतो, त्याने काही बिघडत नाही. कापलेले तुकडे ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि त्याच दिवशी लावा. हाताने वीतभर खोल चर काढा, बोटांना गार ओल लागली पाहिजे. तुकडा आडवा ठेवा, मधली तीन पेरं वाळूखाली, शेंड्याचं टोक वर, आणि वरून पायाने नाही तर तळहाताने दाबा. मुळं फुटतात ती पेरांना. पहिल्या आठवड्यात वरची पानं पिवळी पडून गळतात. मेली म्हणून उपटून बघण्याचा मोह होतो, तो आवरा.

एका जाळ्यातून थोडीच वेल घ्या, नाहीतर इथली टेकडी राखायला तिथली उघडी पाडाल. बियांपासून करायचं असेल तर कठीण साल पॉलिश कागदावर घासून रात्रभर पाण्यात भिजवा.

मर्यादवेलीच्या जोडीला स्पिनिफेक्स हे टोकदार, बोचरं गवत. वाऱ्यावर पुळणीवरून गडगडत जाणारे काटेरी गोळे त्याचेच. त्याचेही धुमारे पेरांसकट लावता येतात, हातमोजे घालून. माथ्यावर आणि मागच्या उतारावर निर्गुंडी, त्याच्याही मागे केवडा. उंडी, भेंडी, करंज ही झाडं टेकडीच्या पाठीमागेच, गावाच्या बाजूला. समुद्राकडच्या तोंडावर पावसाळ्यात काही लावू नका, लाट घेऊन जाईल. सप्टेंबरच्या सरत्या पावसात तिथे वेल टाका.

आता सुरूबद्दल, कारण प्रश्न येतोच. जुन्या बनाशी भांडण नको, ते गावाच्या आठवणीचा भाग झालेलं असतं. पण टेकडीवर नवीन सुरू लावू नका. त्याच्या सुयांचा थर पडला की खाली वेल वाढत नाही, आणि कासवांच्या जागेत त्याची मुळं आणि दाट सावली अडचण करते. 'वादळ अडवतो' हा मुद्दा मांडणाऱ्यांना २०२० चं निसर्ग वादळ आठवत असेलच. तेव्हा रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर सुरू किती आडवे झाले, ते सगळ्यांनी पाहिलं.

लाल माती, शेणखत, रासायनिक खत यांतलं काही आणायचं नाही. मातीबरोबर रानमोडी आणि घाणेरी ही तणं येतात. आधीच आली असतील तर टेकडीच्या तोंडावर मुळासकट उपटू नका, वाळू मोकळी होते. फुलण्याआधी बुडाशी छाटत राहा.

लागवडीला माणसं किती आणावीत? आली तेवढी टेकडीवर चढवू नका. शंभर जण आले तर दहा वर, बाकीचे झाप विणायला आणि काच वेचायला. हे आधी सांगितलं नाही तर फोटोसाठी सगळे माथ्यावर उभे राहतात.

१०. मोजा

वर्षातून दोनदा, मेच्या अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये, ठरलेल्या जागेवरून फोटो आणि उताराचं मोजमाप घ्या. यंत्र लागत नाही. अमेरिकन सागरशास्त्रज्ञ के. ओ. एमरी यांनी १९६१ मध्ये सांगितलेली दोन काठ्यांची पद्धत आजही वापरात आहे. दीड मीटरच्या दोन सारख्या काठ्या, वरच्या टोकापासून खाली सेंटिमीटरच्या खुणा, मधे दोन मीटर दोरी. मागच्या पक्क्या खुणेपासून, म्हणजे एखाद्या विहिरीच्या काठापासून सुरुवात करा. एक जण मागे, दुसरा समुद्राच्या बाजूला. मागच्याने पुढच्या काठीचं टोक आणि क्षितिज एका रेषेत धरायचं. ती रेषा आपल्या काठीवर जिथे येते, तेवढा दोन मीटरमध्ये उतार. चढ असेल तर उलट: आपल्या काठीचं टोक क्षितिजाशी जुळवून पुढच्या काठीवर वाचायचं. आकडा लिहा, पुढे सरका, पाण्यापर्यंत. दहावीतली मुलं हे तासाभरात शिकतात आणि आपल्यापेक्षा नीट करतात.

तीन-चार वर्षांचे असे आकडे हाताशी असले की 'किनारा वाहून चालला, धूपप्रतिबंधक बंधारा घाला' या मागणीवर बोलता येतं. दगडी बंधारा आला की त्याच्या समोरची पुळण सहसा खचते आणि टोकाशी शेजारच्या वाडीची धूप वाढते. कधी कधी घरं वाचवायला दुसरा मार्गही नसतो, हे मान्य. पण तो निर्णय एका पावसाळ्यातल्या भीतीवर होऊ नये.

मोजताना खापऱ्या, जुनी नाणी दिसली तर उचलू नका, जागा नोंदवा. केळशीच्या वाळूच्या टेकडीवर डेक्कन कॉलेजचे अशोक मराठे यांनी काम केलं आणि ती सोळाव्या शतकातल्या त्सुनामीशी जोडली. थर जागेवर होते म्हणूनच तसा अभ्यास होऊ शकला.

११. कुणी टेकडी कापली तर

जेसीबीसमोर जाऊन उभे राहू नका. तारीख-वेळ दिसेल असे फोटो, लांबून आणि जवळून, मागे ओळखू येणारी खूण घेऊन. गाडीचा नंबर. मग त्याच दिवशी तलाठी आणि तहसीलदारांना लेखी अर्ज: गट क्रमांक, अंदाजे लांबी-रुंदी, आणि पंचनाम्याची मागणी. वाळू उचलून नेली असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) चा उल्लेख करा, त्यात बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. नेली नसेल, नुसती सपाट केली असेल, तर किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे तक्रार, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. गोव्यात तक्रार गोवा किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जाते.

अर्ज एकट्याच्या नावाने देऊ नका. जैवविविधता समितीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर द्या, ग्रामसभेचा ठराव जोडा. टेबलावर ठेवून निघून यायचं नाही. आपल्या प्रतीवर शिक्का, सही आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका. तोंडी 'बघतो' म्हणाले तर तोच अर्ज 'आपले सरकार' या राज्य सरकारच्या पोर्टलवर टाका आणि त्याचा टोकन क्रमांक फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.